आमची फाईल अडली कुठे?

दत्तकाविषयी वाचकांच्या प्रश्नांचं हे सदर. उत्तरं देणाऱ्या ताई पुण्यातल्या एका दत्तक संस्थेतून समाजसेविका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. या वेळी परदेशाशी संबंध असलेली पत्रं घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचे नाशिकचे. दोघंही अमेरिकन नागरिक आहोत, ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड आहे. माझं वय 42, ह्यांचं 44. होम स्टडीला, म्हणजे दत्तकाआधीच्या घरच्या चौकशीला, आलेल्या बाईंनी आमची भांडणं कशावरून होतात इथपासून लहानपणी वडील मला मारायचे का इथपर्यंत सगळं विचारलं. आम्हाला तान्हं बाळ हवं होतं, पण वयात बसत नाही म्हणाले. शेवटी मराठवाड्यातल्या एका संस्थेतली साडेतीन वर्षांची मुलगी सुचवली. टाळूचं ऑपरेशन झालेलं, बोलणं उशिरा. फोटो बघितला आणि हो म्हटलं. त्यालाही आता बरेच महिने झाले. एजन्सी म्हणते फाईल दिल्लीत आहे, दिल्लीला विचारलं तर ‘तुमच्या एजन्सीला विचारा’. सासूबाई म्हणतात, ‘तुमचीच ठरली ना, मग जाऊन घेऊन या!’ फाईल नेमकी अडली कुठे? आणि तोवर आम्ही काय करायचं?

उत्तर : आधी वयाचं बघू, कारण तो सल तुमच्या पत्रात अजून दिसतोय. 2022 च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 च्या वर चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100, त्यापुढे 110. तुमची बेरीज 86. एका आकड्याने हुकलात, वाईट वाटणारच. पण खरं सांगू? बेरीज 80 असती तरी तान्हं, निरोगी बाळ तुमच्यापर्यंत पोचणं अवघडच होतं. त्या बाळांसाठी इथली भारतीय जोडपी तीन-साडेतीन वर्षं रांगेत उभी आहेत. बाल न्याय कायद्याच्या 59व्या कलमाप्रमाणे मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळं झालं की पहिले 60 दिवस त्याच्यासाठी भारतीय आणि अनिवासी भारतीय कुटुंबच बघायचं. तिथे जमलं नाही तरच परदेशाचा विचार, आणि त्यातही ओसीआय असलेल्यांना आधी प्राधान्य. सख्खी भावंडं, पाच वर्षांवरची मुलं, अपंगत्व किंवा दुखणं असलेली मुलं यांच्यासाठी परदेशाचा रस्ता जरा लवकर उघडतो. 2024-25 मध्ये देशात 4515 दत्तकं झाली, त्यातली 4155 देशातल्या देशात. उरलेली साडेतीनशेच्या आसपास मुलं परदेशी गेली, तुमची मुलगी त्याच वाटेने जाणार आहे.

आता फाईल. तुम्ही ‘फाईल’ म्हणता तेव्हा डोळ्यांसमोर दिल्लीच्या टेबलावर पडलेला एक गठ्ठा येतो. प्रत्यक्षात दोन देशांच्या दोन फायली आळीपाळीने एकेक पाऊल टाकतात, आणि एकीचं पाऊल पडल्याशिवाय दुसरीला हलता येत नाही. अमेरिकेत मान्यताप्राप्त एजन्सीने होम स्टडी केली, त्यावर तुम्ही आय-800ए, म्हणजे आईबाप म्हणून पात्र ठरण्याचा अमेरिकन सरकारचा फॉर्म, भरलात, तो मंजूर झाला. मग एजन्सीने तुमची नोंदणी काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर केली. कारा म्हणजे दत्तकासाठीची आपली केंद्रीय यंत्रणा. तिथून मुलगी सुचवली गेली, तुम्ही तिच्या बाल अहवालावर आणि वैद्यकीय अहवालावर सह्या केल्यात. एवढं तुमच्या ध्यानात आहे. इथून पुढे पुन्हा अमेरिकेची पाळी: त्या मुलीच्या नावाने दुसरा फॉर्म, आय-800, त्याला तात्पुरती मंजुरी, मग व्हिसाचा अर्ज आणि दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासाचं ‘आर्टिकल 5’ पत्र. आंतरदेशीय दत्तकासाठी देशादेशांत झालेल्या 1993 च्या हेग करारातलं हे पाचवं कलम. पत्राचा मतलब इतकाच, की हे आईवडील योग्य आहेत आणि या मुलाला आमच्या देशात येऊन राहता येईल. ते पत्र आलं की कारा एनओसी देते. एनओसीनंतर दत्तक आदेश, हे काम 2021 च्या दुरुस्तीने कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणलं. आदेशानंतर जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट, म्हणजे दत्तक हेग कराराप्रमाणे झाल्याचा दाखला. आणि शेवटी पुन्हा अमेरिका: आय-800 ची अंतिम मंजुरी आणि दत्तक मुलांसाठीचा आयएच-3 व्हिसा. त्या व्हिसावर मुलगी तिथे उतरली की तुमच्यासारख्या नागरिक आईबापांच्या मुलीला तिथल्या 2000 सालच्या कायद्याने आपोआप नागरिकत्व मिळतं.

तेव्हा एजन्सीला ‘फाईल कुठे आहे’ असं मोघम विचारू नका, तसल्या प्रश्नाला तसलंच उत्तर मिळतं. ‘आय-800 ची तात्पुरती मंजुरी आली का? आर्टिकल 5 पत्र निघालं का? निघालं असेल तर केअरिंग्जवर कोणत्या तारखेला चढवलं?’ असं विचारा, आणि फोनवर नको, ईमेलवर. माझा अंदाज आहे की तुम्ही आर्टिकल 5 च्या अलीकडे आहात. दिल्लीत आहे हे खरंच, पण काराच्या नव्हे, दूतावासाच्या टेबलावर.

सासूबाईंना प्रेमाने सांगा, की जाऊन घेऊन आलो तर तिला कायमचं अडकवून ठेवू. आर्टिकल 5 पत्राच्या आधी दत्तक आदेश करून घेतला तर हेग करारातला क्रम मोडतो आणि अमेरिकेचा व्हिसा अडतो. ओळखीचा वकील ‘आदेश मी लगेच काढून देतो, बाकीचं मागाहून बघू’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पैशाचंही तसंच. आंतरदेशीय दत्तकासाठी भारतातल्या संस्थेला द्यायची रक्कम 5000 डॉलर आहे, पावतीवर. तुमच्या अमेरिकन एजन्सीची फी वेगळी. यापलीकडे कुणी ‘फाईल हलवायला’ काही मागितलं तर काराला लेखी कळवा.

होम स्टडीवाल्या बाईंवरचा राग मात्र मला फारसा पटला नाही. मी आयुष्यभर तेच प्रश्न विचारत आले. वडील मारायचे का, हे का विचारतात? कारण साडेतीन वर्षांची मुलगी एके दिवशी दूध मुद्दाम सांडणार आहे, तुमच्याकडे बघत बघत. तेव्हा तुमचा हात कुठवर उठेल, हे आधी तुम्हाला स्वतःला माहीत असलेलं बरं. भांडणांचंही तेच. ‘आम्ही कधीच भांडत नाही’ म्हणणाऱ्या जोडप्यांपुढे मी नेहमी एक प्रश्नचिन्ह काढून ठेवायचे.

आता मधल्या काळाचं. टाळूचं ऑपरेशन झालेल्या मुलांना वरचेवर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. बोलणं उशिरा असण्याचं निम्मं कारण कधी कधी तिथे असतं. वैद्यकीय अहवालात श्रवण चाचणीची तारीख आहे का बघा. नसेल तर एजन्सीमार्फत संस्थेला विनंती करा. प, ब, ट, ड हे आवाज ती नाकातून काढते का, हे व्हिडिओत ऐकू येईल. ते व्हिडिओ तिकडच्या स्पीच थेरपिस्टला आधीच दाखवून ठेवा. अहवालात ‘डिलेड माइलस्टोन्स’ असं असेल तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. संस्थेतली बरीच मुलं उशिरा चालतात, उशिरा बोलतात, कारण एका मावशीच्या वाट्याला पुष्कळ मुलं असतात. डोक्याच्या घेराचे आकडे वेगवेगळ्या महिन्यांचे मागून घ्या आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. एका आकड्यावरून काही कळत नाही, वाढीची रेघ बघावी लागते.

व्हिडिओ कॉल संस्था करू देत असेल तर जरूर करा, पण थोडा वेळ. ‘मी तुझी आई’ असं पडद्यावरून पुन्हा पुन्हा सांगू नका. तिच्या लेखी मायेचं माणूस म्हणजे सध्या तिला आंघोळ घालणारी मावशी. त्या मावशीशी बोला. ती काय खाते, भात मऊ लागतो की मोकळा, झोपताना दिवा चालू लागतो का, कुशीवर झोपते की पालथी, कोणत्या मुलीशी गट्टी आहे, चिडली की काय करते, हे सगळं एका वहीत उतरवून घ्या. यातलं काहीही बाल अहवालात नसतं. तुम्ही मराठी बोलता ही तिची चंगळ आहे. आमच्याकडून परदेशी आईबापांबरोबर गेलेली मुलं पहिले कित्येक दिवस पाणी मागायचं तर कुठल्या भाषेत, याच फेऱ्यात असायची. तिचं संस्थेतलं नाव बदलायचं मनात असेल तर निदान ते मधलं नाव म्हणून राहू द्या. त्या नावाला ती ओ देते.

घ्यायला याल तेव्हा त्याच गावात काही दिवस मुक्काम करा. मुलगी हातात घेतली आणि त्याच संध्याकाळी विमानतळ, असं नको. दिल्लीत व्हिसासाठी थांबावं लागेल ते वेगळंच. संस्थेच्या इमारतीचे, तिच्या खाटेचे, मावश्यांचे फोटो काढा. सह्या केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या आणि घरी एका पेटीत ठेवा. ही पेटी तुमच्यासाठी नाही. आज तुम्हाला जो कागद म्हणजे कटकट वाटतो, त्यातून ती पंधराव्या वर्षी ‘मी तिथे कशी आले, मला कुणी आणून सोडलं’ याचा थांग लावणार आहे. पुढे दोन वर्षं तुमच्या एजन्सीच्या समाजसेविका पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी घरी येऊन अहवाल पाठवतील. त्याही प्रती त्याच पेटीत.

आणि ऑफिसात आत्ताच सांगून ठेवा. अमेरिकेच्या एफएमएलए कायद्यात पात्र नोकरदाराला दत्तकासाठीही 12 आठवडे रजा मिळते. बिनपगारी असते, पण नोकरी राहते. दोघांनी एकदम घेऊ नका.

प्रश्न : आम्ही डॅलसला असतो. दोघंही भारतीय नागरिक, माझा एच-1बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, बायकोचा त्यावर अवलंबून असलेला एच-4. अनिवासी भारतीयांना भारतातल्या जोडप्यांइतकंच प्राधान्य मिळतं असं वाचलं. मग लगेच नोंदणी करावी का?

उत्तर : थांबा. वाचलंत ते बरोबर आहे, पण ते भारताच्या बाजूचं झालं. तिकडच्या दाराचंही बघायला हवं. वरच्या पत्रातला आय-800ए हा फॉर्म अमेरिकन नागरिकच भरू शकतो. जोडप्यात एक जण नागरिक असला तरी चालतं, तुमच्यात कुणीच नाही. म्हणजे भारतात दत्तक आदेश झाला, पासपोर्ट निघाला, बाळ तुमच्या मांडीवर आलं, तरी ते हेगच्या रस्त्याने अमेरिकेत जाणार नाही. एच-4 वर नेऊ म्हणाल, तर त्यांच्या कायद्यात दत्तक मुलाला ‘मूल’ धरायला ते सोळाव्या वर्षाच्या आत दत्तक घेतलेलं असावं लागतं, आणि दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं, हे दोन्ही लागतं. थोडक्यात, तुमच्यापैकी एकाला नोकरी आणि स्टेटस गुंडाळून दोन वर्षं बाळाबरोबर भारतात राहावं लागेल. हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. आई पुण्याला बाळ घेऊन माहेरी, बाप टेक्सासला, आणि रोज रात्री व्हॉट्सअॅपवर अंगाई. ज्यांनी आधीपासून ठरवून केलं त्यांचं निभावलं. ज्यांना बाळ हातात आल्यावर कळलं, त्यांचे हाल झाले.

नोंदणीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, दत्तकाची कामं करणाऱ्या. कुठल्याही वकिलाला नको. आणि दोघं मिळून परत यायचा विचार असेल तर भारतात येऊनच नोंदणी करणं सगळ्यात सरळ.

प्रश्न : मी साताऱ्याची आजी. मुलगा-सून लंडनजवळ असतात. त्यांनी झारखंडच्या संस्थेतून सहा वर्षांचा मुलगा घेतलाय, येत्या दिवाळीला पहिल्यांदा आमच्याकडे येणार. पोरगा गोड आहे, पण मनात येतं ते लिहिते, रागावू नका. जात काय, गोत्र काय, काही माहीत नाही. शेजारच्या बायका विचारणारच. बारसं करायचं का? त्याला मराठी येत नाही, मला हिंदी धड येत नाही.

उत्तर : आजी, रागावू कशाला, मनातलं लिहिलंत हे फार बरं केलंत. न लिहिणाऱ्या आज्या जास्त त्रास देतात.

गोत्राचं म्हणाल तर दत्तक म्हणजे आपल्या घराण्याचं नाव त्याच्यामागे लागणं. कायद्याने तो तुमच्या मुलाचा मुलगा झाला, पोटच्या पोराइतकाच. सावित्रीबाई तुमच्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. त्यांनी आणि जोतीरावांनी 1874 साली एका ब्राह्मण विधवेचं मूल पोटाशी घेतलं, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. दीडशे वर्षं झाली या गोष्टीला. शेजारणींना एवढं सांगून बघा, बहुतेकींची तोंडं मिटतात. ज्यांची नाही मिटली त्यांना फराळाला नंतर बोलवा.

‘कुणाचा आहे?’ असं विचारलं तर ‘आमचा’. ‘तसं नाही, खरा कुणाचा?’ असं पुढे आलंच तर ‘खरा आमचाच’, आणि विषय बदला. त्याची आई कोण, त्याला कुठे सापडलं, संस्थेत का आला, हे मुलाने-सुनेने तुम्हाला सांगितलं असलं तरी ते तुमच्यापाशीच राहू द्या. उद्या त्याला वाटलं तर तो सांगेल, त्याची गोष्ट आहे ती. आणि त्याच्यासमोर ‘नशीबवान आहे गं पोर’ असं कुणाला म्हणू देऊ नका. सहा वर्षांच्या पोराला सगळं कळतं. आपल्यावर उपकार झालेत हे त्याने रोज ऐकायचं का?

बारसं नको. त्याला नाव आहे, आणि तो त्या नावाने सहा वर्षं जगलाय. दारात औक्षण करा, नवे कपडे घाला, पाडव्याला आजोबांच्या शेजारी पाटावर बसवा. आल्या आल्या मुके आणि मिठ्या मात्र नकोत. त्याला जवळ येऊ द्या. एकदम पंचवीस माणसांच्या घोळक्यात ढकलू नका. पहिले दोन दिवस घरचेच असा.

एक गोष्ट दिसली तर दचकू नका. संस्थेत वाढलेली बरीच मुलं खाणं लपवतात. उशीखाली अर्धी पोळी, खिशात शंकरपाळे, कपाटात बिस्किटाचा पुडा. रागावू नका, हसूही नका, ‘चोरतो’ हा शब्द तर काढूच नका. स्वयंपाकघरात त्याच्या हाताला लागेल असा एक डबा त्याचा म्हणून ठेवा, आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका. मग लपवणं हळूहळू थांबतं, घाई करून थांबत नाही. रात्री एकटा झोपायला घाबरेल, कारण आजवर तो हॉलमध्ये दहा-पंधरा पोरांबरोबर झोपलाय. सगळ्यांनी एका खोलीत गाद्या घाला, त्याला आवडेल आणि तुमच्याही पाठीला बरं.

भाषेची काळजी सोडा. ‘ये’, ‘बस’, ‘खा’ एवढ्यावर आठवडा निघतो. पत्ते खेळता येतात का तुम्हाला?

प्रश्न : आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला असतो, मूलबाळ नाही. इचलकरंजीला माझ्या धाकट्या जावेला तिसरी मुलगी झाली, आता ती दोन वर्षांची आहे. घरच्यांनी ठरवलं की ती आम्हाला द्यायची. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली, भटजींना बोलावून विधीही केला, ओटीत घातली. पण जर्मनीचा व्हिसा नाकारला. आता?

उत्तर : तुमच्या स्टॅम्पपेपरला जर्मनीने काय किंमत द्यावी, आपल्याकडेही फारशी नाही. नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढीच साक्ष. हिंदू दत्तक कायद्याने, म्हणजे 1956 च्या, दत्तक घ्यायचं तर दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. नोंदलेल्या दत्तकपत्रावर मूल देणारे आणि घेणारे अशा दोन्ही बाजूंच्या सह्या असल्या तर दत्तक कायदेशीर झालंय असं कोर्ट धरून चालतं. पण नोंदवलेलं दत्तकपत्रही मुलीला परदेशी न्यायला पुरत नाही. त्याला काराची एनओसी लागते, आणि ती देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून पडताळणी होते. दुसरा रस्ता बाल न्याय कायद्याच्या 60व्या कलमाचा, नातेवाईकांमधल्या आंतरदेशीय दत्तकाचा. तिथे ‘नातेवाईक’ म्हणजे काका-काकू, मामा-मामी, आत्या, मावशी, आजी-आजोबा. तुम्ही काका-काकू, त्यामुळे बसता. चुलतभावाची मुलगी असती तर बसला नसतात. दोन्ही रस्त्यांना जर्मनीतल्या दत्तक यंत्रणेचा होकार आधी लागतो. तेव्हा सुरुवात स्टुटगार्टहून करा, इचलकरंजीहून नको.

पत्रातलं एक वाक्य मात्र मला खुपलं. ‘घरच्यांनी ठरवलं.’ धाकट्या जावेने काय म्हटलं ते तुम्ही लिहिलंच नाही. तिसरी मुलगी झाली म्हणून सासरच्यांनी ठरवलं असेल आणि ती गप्प बसली असेल, तर त्याला संमती म्हणत नाहीत. पडताळणीला आलेला माणूस तिला एकटीला बसवून विचारेल अशी आशा आहे. त्याच्या आधी तुम्ही विचारा, घरातलं कुणी आसपास नसताना. ती ‘नको’ म्हणाली तर जर्मनीच्या व्हिसाचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : मी पंढरपूरला शिक्षिका आहे. वारीच्या दिवसांत डेन्मार्कहून एक बाई आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आत. त्या लहानपणी सोलापूर जिल्ह्यातून दत्तक गेलेल्या. हातात एक पिवळा पडलेला इंग्रजी कागद, त्यावर गार्डियन असं काहीतरी आणि संस्थेने ठेवलेलं मराठी नाव. आमच्याकडे जेवल्या, खूप रडल्या. आता त्या परत गेल्या आहेत आणि मी त्यांच्या वतीने आईचा शोध घ्यावा अशी त्यांची इच्छा आहे. कुठून सुरुवात करू?

उत्तर : तुम्ही नका करू. कोरडं वाटेल, पण नियमच तसा आहे. दत्तक गेलेल्या व्यक्तीने मुळांचा शोध स्वतः घ्यायचा. तिच्या वतीने तिऱ्हाइताला, मग तो वकील असो, मित्र असो की तुमच्यासारखी भली शिक्षिका, परवानगी नाही. त्या बाईंनी स्वतः काराकडे अर्ज करावा, किंवा डेन्मार्कमधल्या दत्तक यंत्रणेमार्फत करावा. अर्ज मग जिथून त्या गेल्या त्या संस्थेकडे जातो. आईने मूल सोपवताना आपलं नाव कळू नये असं लिहून दिलं असेल तर तिची संमती घेतल्याशिवाय नाव सांगता येत नाही.

त्या पिवळ्या कागदाबद्दल मात्र त्यांना लिहा, कारण तो फार कामाचा आहे. तेव्हा परदेशी आईबापांना भारतात मूल दत्तक घेता येत नसे. हिंदू दत्तक कायदा त्यांना लागू नव्हता, म्हणून 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने कोर्टाकडून पालकत्व घ्यायचं आणि आपल्या देशात जाऊन दत्तक पुरं करायचं, अशी रीत होती. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले, तोवर हा कारभार बराच सैल होता, आणि काही संस्थांनी त्याचा फायदाही घेतला. पण सैल असला तरी कोर्टाचा कागद हा कोर्टाचा कागद असतो. त्यावर अर्जाचा नंबर, वर्ष आणि न्यायालयाचं नाव असणार. मूळ अर्जाला जोडलेल्या कागदांत संस्थेच्या प्रमुखाचं प्रतिज्ञापत्र सापडू शकतं. मूल कोणत्या तारखेला, कुठून आलं, पोलिसांमार्फत की दवाखान्यातून, असं त्यात लिहिलेलं असतं. आईचं नाव नसलं तरी एवढं कळलं तर पुष्कळ झालं. त्या बाईंनी कागदाचा स्वच्छ फोटो अर्जाला जोडावा. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नये, तुमच्याही नाही.

पंढरपूरचं आणखी एक सांगण्यासारखं. तुमच्या गावात प्रार्थना समाजाचा बालकाश्रम 1875 पासून आहे. वारीच्या गर्दीत मुली-बायका येत, बाळंत होत आणि मूल मागे ठेवून जात, ही त्या गावाची जुनी हकीकत आहे. म्हणून गावातली म्हातारी माणसं तुम्हाला उत्साहाने सतराशे गोष्टी सांगतील. त्या ऐका, पण डेन्मार्कला कळवू नका. कुणी तरी अमक्या पेठेतली तमकी असं बोट दाखवेल, ती बाई दुसरीच निघेल, आणि मधल्या मध्ये दोघी जणी होरपळतील.

वर्तमानपत्रात फोटो देऊ नका, फेसबुकवर ‘आईच्या शोधात लेक’ असं टाकू नका, स्थानिक चॅनेलच्या पोराला तर दारातही उभं करू नका. ती आई जिवंत असेल तर आज सत्तरीच्या आसपास असेल. घरात नवरा असेल, मुलं-सुना असतील, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं त्यांना काही माहीत नसेल. आमच्याकडे अशा बायका येत असत तेव्हा त्यांची एकच विनंती असायची: पत्र घरी पाठवू नका. संस्थेचा माणूस गेलाच तर तो विम्याचं काम आहे असं सांगून जातो, एकटीला गाठतो आणि आधी विचारतो. ती भेटायला तयार झाली तर दुभाषी म्हणून तुमची गरज लागेलच. तोवर त्या बाईंना मराठी शिकवा, ऑनलाईन. त्या मागे लागल्याच आहेत म्हणता ना तुमच्या?